संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

भयकादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला टोपणनाव मिळायला वेळ लागत नाही. पहिलं पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं तिला भुताई म्हणून हाक मारली, ती तिनं हसून घेतली, आणि तिथेच चूक झाली. मग गल्ली तेच म्हणायला लागली, ऑफिस म्हणायला लागलं, सख्खा भाऊसुद्धा परगावाहून फोन करून “काय भुताई, किती मारले या महिन्यात?” असं विचारू लागला. दिसायला म्हणाल तर तिच्यात भुताचं काही नव्हतं. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, मधल्या बोटाला पेन्सिलीनं पडलेला घट्टा. पन्नाशीला आलेली, बिनलग्नाची. तिच्या लग्नाबद्दल बोलून दमलेले नातेवाईक आता तिच्या कादंबऱ्यांबद्दल बोलत.

पोटापाण्यासाठी ती एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. घेणाऱ्याला हॉल मोठा हवा, त्याच्या बायकोला ओटा उजेडात हवा, आणि दोघांना मिळून हवी असलेली जागा कधीच जागेवर नसायची. आठवडाभर असा सगळ्यांचा जीव घरात मावेल याची खटपट करून झाली की रविवारी तीच पेन्सिल आणि तीच पट्टी घेऊन ती अशी घरं काढायची, की ज्यांत कुणी पाऊल टाकू नये.

तिची लिहिण्याची रीत ठरलेली होती. आधी घराचा नकाशा. त्यात जिना, दारं, खिडक्या, मागची बोळ, टेलिफोन, जवळचा शेजारी, गावाकडे जाणारा रस्ता, असं जे जे म्हणून माणसाला बाहेर नेतं ते सगळं साध्या पेन्सिलीनं काढायचं. मग हातात लाल पेन्सिल घ्यायची आणि एकेका प्रकरणाला एकेक मार्ग बंद करत जायचं. तोही सहज, कुणाला वावगं वाटणार नाही असा. पूल दुरुस्तीला काढला. माळी सुट्टीवर गेला. मागच्या दाराचं लाकूड फुगलं. लोकांना वाटतं भयकादंबरीत भूत महत्त्वाचं. भुताई म्हणायची, भूत काय, कुणीही आणून उभं करील, खरी मेहनत त्याच्याआधी असते. माणूस तिथून पळून का जात नाही, याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. भरबाजारात भूत आलं तर लोक त्याच्याशीच भावाची घासाघीस करतील. घाबरायला आधी एकटं पडावं लागतं, आणि एकटं पडायला जागा लागते.

ही अक्कल तिला आली कुठून? तर वडिलांकडून. बाबा निवृत्त बस कंडक्टर. जन्म गर्दीत गेलेला, त्यामुळे घरातही “चला, पुढे सरका” म्हटल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरायचे नाहीत, मग आत एकटी आई का असेना. पुस्तकं वाचायचा त्यांना कंटाळा, पण लेकीचं प्रत्येक प्रकरण त्यांनी कानांनी ऐकलं होतं. आणि ऐकून झालं की प्रश्न एकच.

“संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कुठाय?”

बसच्या मागच्या खिडकीवर लिहिलेलं असतं तेच. पहिल्या कादंबरीच्या वेळी भुताई वैतागली होती. अहो बाबा, हा बंगला आहे, बस नाही. बाबांनी शांतपणे विचारलं होतं, की मग तो गृहस्थ न्हाणीघराच्या खिडकीतून उडी का मारत नाही, तळमजलाच तर आहे. तिनं रात्रीतून त्या खिडकीला गज बसवले आणि त्या दिवसापासून बाबांच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय एकही प्रकरण घराबाहेर पाठवलं नाही.

बाबांची आणखी एक सवय होती. घरी आले की बेल एकदा वाजवायचे, आणि बाहेर पडताना दार ओढून घेतल्यावर बाहेरून दोनदा. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे गाडी सुटली. आई म्हणायची, अहो, या वयात शोभतं का हे? पण त्या दोन बेल ऐकल्याशिवाय तीही हातात काम घ्यायची नाही. आई गेल्यावर बाबा भुताईकडे राहायला आले, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि तिच्याही घराची बेल तशीच वाजायला लागली. सकाळी बाबा डेपोपर्यंत चालत जाऊन जुन्या लोकांना भेटून यायचे. दुपारी तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांच्या दुकानात स्टूल टाकून बसायचे, गिऱ्हाइकांना न मागितलेले सल्ले द्यायचे. महिन्याभरात गल्लीला भुताईपेक्षा तिच्या बाबांची ओळख जास्त झाली.

मग ते जिन्यात घसरले.

फार काही झालं नाही. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, निघालं. पण भुताईच्या पोटात जो गोळा आला तो काही प्लास्टरबरोबर निघाला नाही. जिन्यात पडलेले बाबा तिला ऑफिसात नकाशे काढताना दिसायचे. पायऱ्या काढायला घेतल्या की हात थांबायचा. आई अशीच, काही कळायच्या आत गेली होती, आणि आता हे एवढंच माणूस तिला उरलं होतं. तिनं भावाला फोन केला. तो म्हणाला, ताई, तू म्हणशील ते.

पहिल्यांदा तिनं डेपोचं चालणं बंद केलं. रस्त्यात खड्डे, वाहनं अंगावर येतात, काय अडलंय? बाबा ‘बरं’ म्हणाले. पुढे एकदा दूध उतू गेलं आणि गॅस विझला, तेव्हापासून ऑफिसला जाताना ती सिलिंडर बंद करून लायटर कपाटात ठेवू लागली. चहा थर्मासमध्ये करून ठेवायची. कुणा भामट्यानं बँकेतून बोलतोय म्हणून बाबांना फोन केला, तेव्हा तिनं त्यांचा फोन काढून घेतला आणि ज्यावरून फक्त तिला आणि भावाला फोन लागेल असा दुसरा आणून दिला. बाबांचं जिना उतरणं थांबल्यापासून टेलरमास्तरच वर यायचे, गप्पा मारायचे आणि येताना खालून आपल्या चहाबरोबर बाबांसाठीही गोड चहा घेऊन यायचे. बाबांना मधुमेह. भुताईनं मास्तरांना नीट शब्दांत सांगितलं, की बाबांना बोलून थकवा येतो, थोडे दिवस राहू द्या. अडीनडीला म्हणून त्यांच्याकडे ठेवलेली घराची किल्लीही तिनं मागून घेतली. मास्तर भला माणूस, त्यांनी मुकाट दिली. आणि एका दुपारी बाबा कुणाला न सांगता खाली उतरले, हे शेजारणीकडून कानावर आलं, तेव्हा तिनं दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. फक्त ऑफिसच्या वेळेपुरतं.

या सगळ्यात एकही गोष्ट अशी नव्हती, की जिचं पटेल असं कारण देता येणार नाही.

बाबा मात्र खंगत चालले. मनगट छान जुळलं होतं, डॉक्टर खूश होते, पण बाबा अर्ध्या जेवणावरून उठायचे. ‘पुढे सरका’ बंद झालं. विचारलं तर उत्तर, नाहीतर खिडकीपाशी खुर्ची आणि खाली रस्ता. भुताईचा जीव टांगणीला लागला. बाबा आपल्या हातून निसटत चाललेत हे तिला दिसत होतं आणि कारण काही केल्या सापडत नव्हतं. सापडत नाही म्हटल्यावर ती आणखी काळजी घेऊ लागली. घरातली बेल वाजायची थांबलीय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्यातच प्रकाशकांनी तिचं नवं हस्तलिखित परत पाठवलं. फोनवर अतिशय गोड बोलले, म्हणजे बातमी वाईट असणार हे तिनं ओळखलं. ते म्हणाले, ताई, तुमचा डोंगरावरचा बंगला आता वाचकांच्या इतका ओळखीचा झालाय, की त्याची किल्ली कुठल्या खिळ्याला लटकते तेही त्यांना ठाऊक आहे. घाबरायच्या ऐवजी लोकांना तिथे सुट्टीला जावंसं वाटतं. जागा बदला. नाहीतर आपण थोडं थांबू या. प्रकाशकाच्या तोंडी ‘थोडं थांबू या’ म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही.

भुताईला राग आला, आणि रागाच्या भरात तिनं ठरवलं, की आता बंगला नाही, जंगल नाही, बेट नाही. भरवस्तीतलं घर घ्यायचं. खाली बाजार, वर माणसं, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा रेडिओ. आणि अशा जागी एका माणसाला एकटं पाडून दाखवायचं. तिनं एका विधवा बाईला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. घरात काहीतरी आहे, दिसत नाही, पण बाईचे बाहेर जायचे मार्ग एकेक करून बंद करतं. गर्दीत हे कसं जमायचं, या विचारानं नाकी नऊ येतील असं तिला वाटलं होतं. पण लाल पेन्सिल हातात घेतली आणि हात असा चालला, की जणू कुठून तरी आधीच शिकून आला होता. चार रविवारांत निम्मी कादंबरी झाली. आपल्याला अजून लिहिता येतं या आनंदात तिनं फार चौकशी केली नाही.

पाचव्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर ती कागद घेऊन बाबांसमोर बसली. तेवढ्यानं तरी बाबा बोलतील, अशी आशा होती. बाबा खिडकीपाशीच होते. तिनं वाचायला सुरुवात केली. बाईचं फिरणं सुटतं. बाईचा फोन जातो. बाईकडे येणारी मैत्रीण यायची थांबते. खाली रस्त्यावर एक फळवाला गाडी लावतो, तो एकटा काय तो बाईला नजरेनं ओळखतो. घरातलं ते जे काही आहे, त्याचे लांब दात आणि गार श्वास शेवटच्या पानावर जाणवतात. वाचून झालं. भुताई चष्मा पुसत प्रश्नाची वाट बघत राहिली. प्रश्न आला नाही.

“बाबा, मार्ग कुठाय ते विचारलं नाहीत?”

“नाहीये ना. काय विचारायचं?”

“म्हणजे पटलं?”

“पटलं. चांगलं लिहिलंयस.” बाबा अजून खालीच बघत होते. “एकच राहिलंय. खिडकी. तिथून ती खालच्या माणसाला हात करील की.”

भुताईनं चटकन लाल पेन्सिल उचलली. कितीतरी दिवसांनी बाबांनी एवढं लांब वाक्य उच्चारलं होतं. ती म्हणाली, खरंच की, मग तो वर बघायला येईल.

“नाही येणार. पहिले काही दिवस तोही हात करील. पण त्याला सांगितलेलं असतं, त्रास होतो म्हणून. आणि घरात जे आहे ते वाईट नाही, हे त्याला माहीत असतं. त्याला वाटेल, वर सगळं छान चाललंय. मग तो मान खाली घालून आपलं मशीन चालवत बसेल.”

भुताई लिहून घेत होती. ‘मशीन’ लिहून झाल्यावर तिचा हात थांबला. कादंबरीत फळवाला होता. त्याच्याकडे मशीन नव्हतं. खालून मास्तरांच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता, रोज येतो तसाच, एकसारखा.

“आणि ते दात काढून टाक,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखादं प्रकरण ऐकून सूचना करावी तसाच तो होता. “भूत वाईट असलं की माणूस ओरडतो, आपटतो, कुणीतरी ऐकतं. हे प्रेमळ पाहिजे. वेळेवर गोळ्या देणारं. त्याच्याविरुद्ध ओरडायचं कसं? ओरडलं तर त्यालाच वाईट वाटायचं.”

भुताईनं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर काटा आणला होता, आज तिच्या स्वतःच्या हातावरचे केस उभे राहिले. आधी तिला राग आला, खोटं कशाला सांगायचं. दिवसभर ऑफिसात मान मोडून यायचं, पथ्याचं करायचं, औषधं सांभाळायची, आणि वर हे ऐकायचं. तिनं विचारलंच.

“मी भूत आहे का बाबा?”

बाबांनी पहिल्यांदा खिडकीकडे पाठ केली.

“तसं असतं तर केव्हाच बोंब मारली असती. तू घाबरलीयस गं. जिन्यात पडलो मी, आणि भीती बसली तुझ्या मनात. तुझ्या भीतीला सोबत म्हणून मी घरी बसतो, एवढंच आहे.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. रडू आलं ते तिनं येऊ दिलं. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून गेली, डेपो, लायटर, फोन, मास्तरांचा चहा, कुलूप, अगदी तिच्या प्रकरणांच्या क्रमानं. पूल दुरुस्तीला काढला, माळी सुट्टीवर गेला. कुणाला वावगं वाटणार नाही असं. तिनं हे काम जन्मभर केलं होतं, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ज्या माणसानं प्रत्येक वेळी मार्ग कुठाय म्हणून विचारायला शिकवलं, त्याच्यावरच ते तिनं करून दाखवलं होतं. कुठल्याही बंगल्यात माणूस इतका एकटा पडला नसेल, जितका खाली गजबजलेला रस्ता असताना बाबा तिच्या घरात पडले होते.

तोंड धुऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात लायटर होता आणि दुसऱ्या हातात मास्तरांकडून परत आणलेली किल्ली. दोन्ही तिनं बाबांसमोर टेबलावर ठेवली. बाबांनी किल्ली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. मग ते चपला शोधू लागले. चपला सापडल्या नाहीत, कारण त्याही तिनं वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. त्या काढून देताना तिला मान वर करवेना.

“आत्ताच?” तिनं विचारलं.

“मास्तर सहाला दुकान बंद करतात.”

“मी येते बरोबर. जिन्यापर्यंत.”

“नको.”

“पडलात तर?”

“पडलो तर पडलो. तीन मजल्यांत माणसं राहतात, कुणीतरी उचलेल. कुणीच नसतं तर तो तुझा बंगला झाला असता.” बाबांनी चपला घातल्या, कठड्याला धरायचा हात मोकळा आहे ना ते पाहिलं. “तू आत थांब. भीती वाटेल, वाटू दे. आजवर मी सांभाळली, आता जरा तू सांभाळ.”

भुताई दारात उभी राहिली. ऑफिसात ती जिन्याची पायरी किती उंच आणि किती रुंद असावी ते डोळे मिटून सांगू शकली असती, पण आपल्याच इमारतीचा जिना तिला आज पहिल्यांदा धड दिसत होता, झिजलेल्या कडा, वळणावरचा अंधारा कोपरा, एके ठिकाणी हलणारा कठडा. धावत जाऊन बाबांचा दंड धरावा असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तिनं एक पाऊल बाहेर टाकलंसुद्धा. बाबांनी मागे वळून तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं ते पाऊल मागे घेतलं.

बाबांनी दार ओढून घेतलं. कुलपाचा आवाज आला नाही. भुताई बंद दाराच्या आत हात घट्ट धरून उभी होती, घर रिकामं होतं, आणि इतकी वर्षं कागदावर उतरवलेली भीती आता तिच्या छातीत धडधडत होती. मग डोक्यावर, तिच्या स्वतःच्या घरात, बेल वाजली. एकदा. आणि लगेच दुसऱ्यांदा.